छोट्या लाईनची नोंदवही



वैशाखाचे ऊन अंगावरून पुरते उतरले नाही तोच आपण आगगाडीवरचे व्याख्यान ऐकायला येऊन बसलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आम्ही विद्वान नाही, इतिहाससंशोधक तर नाहीच. आगगाडीचा नाद लागलेली आम्ही चार-सहा माणसे. कोणी शिक्षक, कोणी बँकेतून निवृत्त, कोणी दुकानदार. सुटीच्या दिवशी लोक देवदर्शनाला जातात, आम्ही स्टेशनावर जातो. घरच्या मंडळींना याबद्दल जे म्हणायचे होते ते त्यांनी केव्हाच म्हणून घेतले आहे.

आजचा विषय आहे नागपूरची 'छोटी लाईन' आणि ती जाण्यापूर्वी तिची नोंद करताना आमच्या हातून झालेली एक चूक.

१८५३ साली मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली आणि अवघ्या चौदा वर्षांत, १८६७ साली, जीआयपी रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे पूर्वेकडे नागपूर-छत्तीसगड रेल्वे झाली. ती मीटरगेज होती. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली. याच कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यात आणि वैनगंगेच्या मुलुखात अरुंद रुळांचे जाळे विणले. नागपूर-छिंदवाडा मार्ग १९१३ साली सुरू झाला. तीच आपली छोटी लाईन. मोठ्या लाईनच्या दोन रुळांत १,६७६ मिलिमीटरांचे अंतर असते. हिच्यात अवघे ७६२, म्हणजे निम्म्याहूनही कमी. रूळ अरुंद असले की वळण जवळून घेता येते, डोंगर थोडा फोडावा लागतो, पूलही हलका चालतो. थोड्या पैशांत डोंगराळ मुलुखात गाडी न्यायची, तर तेव्हा हाच मार्ग सोयीचा होता.

पण ही काटकसर फुकटची नव्हती. छोट्या लाईनचा डबा मोठ्या लाईनवर जाऊ शकत नाही. जिथे दोन्ही लाईनी भेटत, तिथे एका डब्यातले प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात जाई. बांधताना वाचवलेला पैसा पुढे पिढ्यान्‌पिढ्या हमालीत आणि वेळेत फेडावा लागला. हे आधी सांगतो, कारण आमच्यासारखे हौशी लोक छोट्या गाडीचे कौतुक करताना तिचा हा जमाखर्च सांगायला विसरतात.

छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५च्या नोव्हेंबरअखेर बंद होणार, हे कळल्यावर आमची धावपळ सुरू झाली. सावनेर, सौंसर, रामाकोना करीत आम्ही कॅमेरे घेऊन फिरलो. इंजिनांचे क्रमांक टिपले, सिग्नल टिपले, पाट्या टिपल्या. एका मित्राने तर प्रत्येक फलाट पावलांनी मोजला. गाडी बंद झाली तेव्हा आमच्यापाशी दोन जाडजूड वह्या आणि छायाचित्रांचा मोठा संग्रह होता. आपण मोठे काम केले, असे आम्हांला वाटू लागले.

ती फुशारकी घेऊन आम्ही छोट्या लाईनवर उभी नोकरी काढलेल्या एका निवृत्त गार्डसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून सारी छायाचित्रे शांतपणे पाहिली. मग एका फलाटाच्या चित्रावर बोट ठेवून विचारले, "गाडी मागच्या स्टेशनावरून निघाली की इथं घंटेचे किती ठोके पडत, हे लिहिलं का जी?"

लिहिले नव्हते.

"घाट उतरताना गार्डनं हातब्रेक कुठून आवळायला लागायचं, ते?"

तेही नव्हते.

"पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन रूळ तपासत कोण चालायचा, किती मैल चालायचा?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. त्यांनी चित्रे नीट जुळवून परत दिली आणि म्हणाले, "तुम्ही गाडी पाहिली. गाडी कशी चालते, ते नाही पाहिलं."

त्यांनी सारे सांगायचे कबूल केले. दर रविवारी येऊन बसा, म्हणाले. आम्ही म्हटले, आता गाडी तर गेलीच आहे, घाई कसली? कोणाच्या घरी लग्न होते, कोणाचे परीक्षेचे पेपर तपासायचे होते. पावसाळा सरल्यावर आम्ही त्यांच्या दारात गेलो तेव्हा त्यांना जाऊन महिना झाला होता. आमच्या तिसऱ्या वहीचे पहिले पान आजही तसेच आहे. वर त्यांचे तीन प्रश्न लिहिलेले, खाली जागा कोरी.

श्रोतेहो, लोखंड टिकाऊ असते. त्याची काळजी घेणारेही भेटतात. मायकेल सॅटो नावाच्या इंग्रज गृहस्थांनी आपल्या देशात नोकरी करीत असताना ठिकठिकाणची जुनी इंजिने धुंडाळली, आणि दिल्लीचे रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडले त्यात त्यांच्या खटपटीचा मोठा वाटा होता. आपल्या नागपुरात मोतीबागेत २००२ साली छोट्या लाईनचे संग्रहालय झाले. तिथे इंजिन पाहायला मिळते, त्याला हातही लावता येतो. पण ते इंजिन चालवणाऱ्याच्या हातातली समज काचेच्या कपाटात मावत नाही. एकेरी रुळावर टोकन हाती पडल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नये, हा नियम पुस्तकात मिळतो. धुक्यात, गाडी सावकाश पुढे जात असता, ते टोकन खालच्या माणसाकडून कसे झेलावे, हे पुस्तकात नसते. ते माणसात असते आणि माणसाबरोबर जाते.

दैवाने आम्हांला दुसरी संधी दिली. इतवारी-नागभीडची छोटी गाडी अजून चालू होती. २०१९च्या नोव्हेंबरात ती बंद पडेपर्यंत उमरेड, भिवापूर, नागभीड असे आम्ही पुष्कळ फिरलो. या वेळी कॅमेरा पिशवीत आणि वही हातात. गँगमनला विचारले, तुमच्या वाट्याचा कोणता तुकडा पावसात खचतो? भाजीवाल्या बाईंना विचारले, टोपली डब्यात कुठे ठेवता आणि कोण उचलून देते? स्टेशन मास्तरांना विचारले, वेळापत्रकात नसलेली कोणती गोष्ट तुम्हांला रोज करावी लागते? या शेवटच्या प्रश्नाला जेवढी उत्तरे मिळाली तेवढी कशालाच मिळाली नाहीत.

एक उत्तर मात्र आमच्या वर्मी लागले. भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे. तिथल्या एका शेतकऱ्याला आम्ही मोठ्या हळहळीने सांगितले की ही गाडी आता जाणार. तो हसून म्हणाला, "तुमाले गाडी चालली याचं वाईट वाटते. आमाले मोठी गाडी इतक्या उशिरा येऊन राहिली याचं वाटते."

आम्ही ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवले. ते खरे आहे. आम्ही सुटीच्या दिवशी हौसेने तासन्‌तास गाडीत बसत होतो. त्याला बाजार गाठायचा होता, त्याच्या मुलाला कॉलेज गाठायचे होते. आज इतवारीहून छिंदवाड्याला मोठ्या लाईनची गाडी जाते, तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. जुने टिकावे म्हणून नव्याची वाट अडवणे हे आमचे काम नव्हे. जे जाणार आहे त्याचा हिशेब नीट लिहून ठेवावा, आणि त्या हिशेबात हमालाची पाठ आणि शेतकऱ्याचा खोळंबाही यावा, एवढेच आमचे म्हणणे.

आता तिसरी वेळ आली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर आणि अजनी स्टेशनांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. १९२५ साली उघडलेल्या आपल्या स्टेशनाच्या दगडी इमारतीची छायाचित्रे हजारोंनी निघतील. त्याची चिंता नको. पण या फलाटांवर ज्यांनी तीस-तीस वर्षे ओझी वाहिली, चहा विकला, हिरवी-लाल झेंडी दाखवली, ती माणसे आपल्याच मोहल्ल्यात राहतात. या सभेतही कोणी बसले असतील. कोणाचे वडील ड्रायव्हर असतील, कोणाचे आजोबा मोतीबागच्या कारखान्यात फिटर असतील.

त्यांच्याजवळ बसा. शंभर पानांची एक वही पुरे. आणि एक विनंती: पुढच्या रविवारी जाऊ, असे म्हणू नका. आमच्या तिसऱ्या वहीचे पहिले पान त्याच एका वाक्यापायी कोरे राहिले.

घंटेचे ठोके किती पडत, हे ठाऊक असणारे कोणी इथे असतील, तर सभा संपल्यावर कृपा करून थांबावे. वही आम्ही बरोबर आणली आहे.