स्याद्वाद, संख्याशास्त्र आणि प्रा. हुजूरबाजार
(सुवर्णमहोत्सवानिमित्त टेमघर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्याकडे घरोघरी आहे. शहाड येथे उल्हास नदीतून उचललेले पाणी या टेमघरात शुद्ध होते आणि पुढे ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे जाते. ते निर्मळ आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी सारे पाणी तपासता येत नाही. नमुना घ्यावा लागतो. भिवंडीचा यंत्रमागवालाही प्रत्येक तागा उलगडून पाहत नाही. मात्र त्या चार शितांवर विश्वास तरी किती ठेवावा, हा प्रश्न म्हणीत सुटत नाही. तो सोडविण्याचे शास्त्र म्हणजे संख्याशास्त्र.

या शास्त्रात ज्या मराठी माणसाचे नाव जगभर आदराने घेतले गेले, ते प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार. त्यांचा जन्म १९१९ साली कोल्हापुरात झाला. केंब्रिज विद्यापीठात सर हॅरोल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषय समजण्यास आपल्या गावचाच दाखला पुरेसा आहे. समजा, शंभर ताग्यांत चार सदोष निघाले. मग एकूण मालात दोषाचे खरे प्रमाण किती? ते १ टक्का मानले, तर शंभरात नेमके चार सदोष निघण्याची संभाव्यता सुमारे १.५ टक्के येते. १० टक्के मानले, तर सुमारे १.६. परंतु ४ टक्के मानले की तीच संभाव्यता जवळजवळ २० टक्क्यांवर जाते. हाती आलेली माहिती ज्या प्रमाणामुळे सर्वाधिक संभाव्य ठरते, ते प्रमाण स्वीकारावे, ही महत्तम संभाव्यतेची पद्धत होय. रोनाल्ड फिशर यांनी ती रूढ केली. तागे मोजण्याइतका प्रश्न सोपा असेल तेथे समीकरणाचे उत्तर एकच येते. अवघड प्रश्नांत मात्र अनेक उत्तरे येऊ शकतात. त्यांतले खरे कोणते? ठरावीक अटी पाळल्या गेल्यास, नमुना वाढत जाईल तसतसे सत्याकडे सरकणारे उत्तर एकच असते आणि महत्तम संभाव्यता तेच देते, हे हुजूरबाजारांनी सिद्ध केले.

१९५३ साली पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्र विभाग उभा राहिला, तो त्यांच्या नेतृत्वाखाली. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी तो सांभाळला. केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक त्यांना १९६० साली मिळाले, तर पद्मभूषण १९७४ साली. १९९१ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

जैन ट्रस्टच्या उत्सवात हा विषय कशासाठी, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर जेफ्रीज यांच्या विचारात सापडते. संभाव्यता वस्तूला चिकटलेली नसते. ती ज्ञात माहितीच्या संदर्भात असते, असे ते मानीत. माहिती बदलली की संभाव्यताही बदलते. ‘स्यात्’ या पदाचा अर्थ आपले आचार्य नेमका हाच सांगत आले: ‘अमुक अपेक्षेने’. त्याचे भाषांतर ‘कदाचित’ असे करून स्याद्वादाला संशयवाद ठरविणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. संख्याशास्त्राला अंदाजपंचे म्हणणारेही त्याच पंक्तीतले.

हे साम्य प्रथम मोठ्या अधिकाराने मांडले ते प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या या संस्थापकाने १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिलेल्या निबंधात सप्तभंगीचा विचार केला आणि दाखला घेतला नाणेफेकीचा. छापा आहे, छापा नाही, आणि नाणे अजून हवेत आहे तोवर काहीच निश्चित सांगता येत नाही. ही अनिश्चितता स्वतंत्र कोटी मानण्यात त्यांना संभाव्यतेची तार्किक पार्श्वभूमी दिसली. पुढे १९५७ साली जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही ‘सांख्य’ या नियतकालिकात स्याद्वादावर लिहिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आजची संभाव्यता आपल्या आगमांत आधीच होती, असा दावा महालनोबिस यांनी केला नव्हता. सप्तभंगीत गुणात्मक विचार आहे, अंक नाहीत. नाणे शंभरदा फेकल्यावर छापा किती वेळा पडेल, हे ती सांगत नाही. उत्सवाच्या भरात हा भेद पुसला जातो आणि मग आपल्याच मुलांना आपला वारसा अतिशयोक्तीसारखा वाटू लागतो.

अंक हवे असतील तर महावीराचार्यांकडे जावे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, सुमारे ८५० साली, त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. काही वस्तूंतून हव्या तेवढ्या निवडण्याचे प्रकार किती, याचा सर्वसाधारण नियम त्यात आहे, आणि संभाव्यतेचे गणित आजही त्याच नियमावर चालते. १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. आपल्या किती पाठशाळांच्या कपाटात तो असेल?

२०१८ साली आलेल्या दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात संभाव्यता आणि सांख्यिकी ही दोन्ही प्रकरणे आहेत. मुले सूत्रे पाठ करतात, गुणही मिळवितात. पण ‘हे सूत्र का?’ असे विचारले की गप्प होतात. पाठशाळेतही सात भंग असेच घोकले जातात. सातच का, सहा किंवा आठ का नाहीत, हे कोणी विचारीत नाही. शिक्षकाने फळ्यावर तीन शब्द लिहावेत: अस्ति, नास्ति, अवक्तव्य. एकेक घेतला तर प्रकार तीन, दोन-दोन घेतले तर तीन, तिन्ही एकत्र घेतले तर एक. बेरीज सात. मग महावीराचार्यांचाच प्रश्न घालावा. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड या सहा रसांपासून स्वाद किती होतील? सहा, पंधरा, वीस, पंधरा, सहा आणि एक मिळून त्रेसष्ट. हे उत्तर शिक्षकाने आधी सांगू नये. मुलांना स्वयंपाकघरात जाऊन मोजू द्यावे.