मधल्या सुट्टीतला एकटा मुलगा

खेड्यातलं पोर आधी गावच्या शाळेत शिकतं. तिथं सारे ओळखीचे. कुणाची म्हैस व्याली, हेसुद्धा वर्गाला ठाऊक असतं. मग ते मोठ्या गावच्या हायस्कुलात येतं. वर्ग भरगच्च, मुलांचे घोळके आधीच जमलेले. त्यात वय असं की, चारचौघं आपल्याला काय म्हणतील ही धास्ती मनात घर करू लागते. अशा वेळी ज्या मुलाला किंवा मुलीला एकही सोबती मिळत नाही, त्याच्याविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत.

माझ्याच वर्गातली गोष्ट सांगतो. मी आठवीला मराठी शिकवीत असे. वाडीवरून एस.टी.नं येणारा एक मुलगा शेवटच्या बाकावर बसे. वह्या नीटनेटक्या, खोडी नाही, दंगा नाही. गुणी मुलगा म्हणून मी निर्धास्त होतो. पुढं त्याचे खाडे वाढले. वडिलांना बोलावलं, तर ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं तर रोज डबा घेऊन घरनं निघतंय." शोध केला तेव्हा कळलं, की एस.टी.तून उतरून तो ओढ्याकाठच्या देवळात बसून राही आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाई. मी हजेरीपट उलटून पाहिला. सुरुवातीचे खाडे सारे मंगळवारचे आणि शुक्रवारचे. ते माझ्या प्रकट वाचनाचे दिवस!

मग मला आठवलं. जूनमध्ये धडा वाचताना तो 'पाणी'ला 'पानी' म्हणाला होता. वर्ग हसला. आणि खरं सांगायचं तर मीही हसलो होतो. माझं हसू मी तास संपायच्या आत विसरलो; ते पोर मात्र तेच हसू तीन महिने उराशी घेऊन फिरत होतं.

अशा मुलाला आपण काय म्हणतो? घुमा, मुखदुर्बळ, माणूसघाणा. पण त्याला माणसं नको असतात असं नाही. ती हवीच असतात. भीती असते ती हसं होण्याची. उभं राहिलं की छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, तळहातांना घाम सुटतो. म्हणून तो टाळतो. टाळलं की घटकाभर सुटल्यासारखं वाटतं, आणि तिथंच फसगत होते. टाळल्यानं भीती जात नाही, पोसली जाते. आज वाचन टळतं, उद्या वर्ग, परवा शाळा.

हा बुद्धीचा उणेपणा नव्हे. महात्मा गांधींनी आत्मकथेत सांगितलं आहे, की शाळा सुटताच ते घरी पळत सुटत; कुणी बोलेल, थट्टा करील याची भीती! १८८८ साली ते विलायतेला गेले. तिथं शाकाहारी मंडळाच्या समितीवर असूनही त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. एकदा तर त्यांचं लिहून नेलेलं म्हणणं दुसऱ्याला वाचावं लागलं. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या कोर्टात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीला उभे राहिले, आणि डोकं गरगरू लागलं. ३० रुपयांची फी परत करायला सांगून ते निघून गेले. प्रत्येक लाजरा मुलगा गांधी होईल असं माझं म्हणणं नाही. वाट निघते, एवढंच म्हणतो.

ही वाट शेतकऱ्याला ठाऊक आहे. नव्या गोऱ्ह्याला आपण पहिल्याच दिवशी भरली गाडी ओढायला लावीत नाही. शांत, जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतो; आधी रिकामी गाडी, मग थोडं ओझं. मीही तेच केलं. आधी त्याला एकट्याला गाठून माझी चूक कबूल केली. बोली ही आईकडून आलेली, तिला हसायचं नाही, हे वर्गाला बजावलं. मग त्याला आणि एका समंजस मुलाला वाचनालयाच्या कपाटाचं काम दिलं. पुस्तकं देता-घेता बोलावंच लागतं. वाचन आधी माझ्यापुढं, मग त्या सोबत्यापुढं, मग चौघांत. जानेवारीत त्यानं वर्गापुढं चार ओळी वाचल्या. आवाज कापत होता. कुणी हसलं नाही. स्नेहसंमेलनात तो काही रंगमंचावर चढला नाही. पण मधल्या सुट्टीत लिंबाखाली दोन डबे शेजारी उघडू लागले. मला तेवढं पुरे होतं.

मुलांनो, सगळा वर्ग मित्र व्हायला हवा असं नाही, एक पुरे. रोज एकच लहान गोष्ट करा. शेजारच्याला आजचा गृहपाठ विचारा, उसनं पेन मागा. आणि एक ध्यानात ठेवा. तुमची चूक तुम्हाला जेवढी मोठी दिसते, तेवढी इतरांना दिसत नाही. ज्याला त्याला आपलीच काळजी असते.

आईबापांनो, पाहुण्यांपुढं "आमचं पोर घुमं आहे" म्हणू नका. त्याच्या वतीनं उत्तर देऊ नका. दुकानात त्यालाच पाठवा, मोड त्यालाच मोजून घेऊ द्या.

काही मुलं स्वभावानंच शांत असतात, एकटी रमतात. त्यांना सुखानं राहू द्यावं. पण पोर एकटेपणानं झुरत असेल, रोज सकाळी पोटात दुखत असेल, शाळा तुटू लागली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. यावर उपचार आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा सुरू आहे. तिचा नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र माणूस भेटतं, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झाल्याची भाषा मुलाच्या तोंडी आली, तर त्याला एकटं सोडू नका आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि गुरुजी, बाई, उद्या मधल्या सुट्टीत एकदा पटांगणावर नजर टाका. दंगा करणारी पोरं आपोआप दिसतात. भिंतीकडे तोंड करून डबा खाणारं पोर मात्र शोधावं लागतं.