चाली थोड्या, पण पक्क्या

खेड्यातल्या शाळेत खेळ शिकवताना माझ्या हातून झालेली एक चूक आधी कबूल करतो. खो-खोत पळणाऱ्याला कोंडीत पकडण्याच्या १२ चाली मी हौसेने वहीत उतरवल्या आणि तीन आठवड्यांत मुलांकडून घोकून घेतल्या. सामन्यात आमच्या सर्वांत चपळ मुलाला 'खो' मिळाला. तो उठला आणि जागीच थबकला. तोवर पळणारा खांबाला वळसा घालून पसारही झाला. मागाहून विचारले, "का रे, थांबलास का?" तो म्हणाला, "गुरुजी, कुठली चाल करायची ते आठवत होतो!"

चूक त्याची नव्हती, माझ्या वहीची होती.

ही अडचण अमेरिकन फुटबॉलमध्ये फार ठळक दिसते. आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल तो हा नव्हे. त्यात लांबट चेंडू बहुधा हातात घेऊन पळतात किंवा फेकतात. दोन्हीकडे ११-११ गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे. नाही जमले तर चेंडू दुसऱ्या बाजूला जातो. प्रत्येक प्रयत्नापूर्वी चाल ठरते आणि तीत अकराही जणांना वेगवेगळे काम असते. म्हणजे चाली शंभर काढल्या, तर प्रत्येक मुलाने शंभर कामे ध्यानात ठेवायची! दहा-बारा वर्षांचे पोर तिथे काय करणार? आठवत उभे राहणार.

त्या खेळात व्हिन्स लोम्बार्डी नावाचे एक नामांकित मार्गदर्शक होऊन गेले. ते मुळात शिक्षक. १९३९ ते १९४७ या काळात न्यू जर्सीतल्या एका शाळेत ते पदार्थविज्ञान, रसायन आणि लॅटिन शिकवत व मुलांचा संघही तयार करीत. १९५९ साली ते ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाकडे आले. आदल्या वर्षी त्या संघाने १२ पैकी एकच सामना जिंकला होता. लोम्बार्डींनी पायाला घेतली ती एक साधी चाल. तिचे नाव 'स्वीप'. मधल्या रांगेतले दोन दणकट गडी कडेकडे धावत वाट मोकळी करतात आणि चेंडूवाला त्यांच्या मागून पळतो. ही चाल येणार हे प्रतिपक्षाला ठाऊक असे. तरी ती अडवणे जड जाई. १९६१ ते १९६७ या सात वर्षांत त्या संघाने पाच अजिंक्यपदे मिळवली. पुढे नावारूपाला आलेले जॉन मॅडन सांगत, की मार्गदर्शकांच्या एका वर्गात लोम्बार्डी या एकाच चालीवर आठ तास बोलले!

आता तुम्ही म्हणाल, साध्या चालीवर आठ तास काय बोलणार? खरी गोम तिथेच आहे. कडेचा गडी समोरच्याला, तो ज्या बाजूला जाऊ पाहील त्याच बाजूला रेटतो. तो बाहेर रेटला गेला, तर चेंडूवाला आतून घुसतो. आत रेटला गेला, तर बाहेरून वळसा घेतो. चाल एकच, पण 'असे झाले तर काय' याचे उत्तर तिच्या पोटात आहे. खेळाडूने पाठ म्हणायची नाही, समोर पाहायचे आहे.

मात्र सोपे म्हणजे आळशी नव्हे. "चेंडू सर्वांत वेगवान पोराला द्या, बाकीचे बाजूला व्हा," हेही सोपेच; पण ते फक्त शिक्षकाला सोपे. उरलेली दहा मुले त्यात काय शिकली? शिवाय एकच चाल सारखी केली, की समोरचे तिथेच गर्दी करतात. तेव्हा दुसरी चाल द्यावी. पण पहिलीसारखीच सुरू होणारी आणि मध्येच वेगळी वळणारी. मुलांना नवे थोडे, समोरच्याला कोडे मोठे. अवघडपणा असा गरजेतून, एकेक पायरीने यावा.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, खेळ कुठलाही असो, नवी चाल देण्याआधी संघातल्या सर्वांत बुजऱ्या मुलाला तीन प्रश्न विचारा. तुझे काम काय? ते कशासाठी? समोरच्याने वेगळे केले तर तू काय करशील? त्याला आपल्या शब्दांत सांगता आले, तर पुढे चला. अडखळला, तर थांबा आणि मैदानावर पुन्हा करून दाखवा.

पुढल्या वर्षी मी १२ ऐवजी तीनच चाली शिकवल्या. खोटे कशाला सांगू, दुसऱ्या फेरीत आम्ही हरलोच. समोरचा संघ सरस होता. पण 'खो' मिळाल्यावर एकही मूल आठवत उभे राहिले नाही. तो थबकलेला मुलगा तर परतीच्या वाटेवर मला म्हणाला, "गुरुजी, आता चौथी शिकवा."