तलावाकाठची मावशी
(तरुण संघाच्या हेटवणे भेटीनंतर मंडळीत केलेले भाषण)



मार्चअखेर आपला तरुण संघ पेणजवळच्या हेटवणे धरणावर गेला होता. डोंगरांच्या कुशीतलं ते निळं पाणी पाहून सगळ्यांचं मन भरून आलं. काठावर बसून आम्ही गीतं गायली, देवाची उपकारस्तुती केली, फोटोही भरपूर काढले.

परतताना चढावर एका कातकरी वाडीपाशी थांबलो. निम्म्या झोपड्यांना कड्या घातलेल्या. माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली, ती पावसाच्या तोंडावर परतणार. एक मावशी डोक्यावर दोन हंडे घेऊन वर येत होत्या. मी म्हटलं, "मावशी, आम्ही तलाव बघायला आलो होतो." त्या हसल्या. म्हणाल्या, "बघा की. आमी रोज वरूनच बघतो."

मला पुढे बोलवेना.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण कातळावरून तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात उंचावरच्या वाड्यांचे झरे आटतात. हेटवण्याचं पाणी नळांतून नवी मुंबईपर्यंत जातं. डोंगरावर ते आपोआप चढत नाही. रोह्याची कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, कारण मुळशीच्या तलावाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात येतं. त्या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. तलाव पाहताना हेही आठवावं.

मावशींकडे दोन नातवंडं आहेत. मुलगा-सून उचल घेऊन भट्टीवर गेली, तेव्हा मावशी म्हणाल्या, "पोरं माझ्यापाशी ठेवा, शाळा बुडवू नका." म्हणजे त्या दोन मुलांची शाळा मावशींच्या हंड्यांवर टिकून आहे. त्यांचे गुडघे आता दुखतात. पुढच्या वर्षी पाणी आणणं झालं नाही, तर मुलंही भट्टीवर जातील. एकदा गेलेलं मूल पुन्हा वर्गात बसवणं किती कठीण असतं, हे आम्ही कार्यकर्ते दरवर्षी अनुभवतो.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू विहिरीवर बसला आणि त्याने शोमरोनी स्त्रीकडे आधी स्वतःच पाणी मागितलं. जीवनाच्या पाण्याविषयी तो नंतर बोलला. आम्हीही त्या दिवशी मावशींकडे पाणी मागितलं. त्यांनी तांब्याभर दिलं, आणि वाडीच्या वरच्या अंगाला असलेला जुना झराही दाखवला. गाळ काढून, भोवती दगडी बांध घालून तिथे टाकी बांधली, तर उताराने पाणी वाडीत येऊ शकेल, असं वाडीकरांचं म्हणणं आहे. श्रमदान ते करणार आहेत. सिमेंट, पाइप आणि गवंड्याची मजुरी यांसाठी त्यांना आपला हात हवा आहे.

पावसाआधी काम व्हायला हवं. म्हणून दानाबरोबर तरुणांचे दोन शनिवारही मी मागतो. तलाव बघायला पुन्हा जरूर जाऊ. पण आधी फावडी घेऊन वाडीत जाऊ.

प्रभू त्या घराला आणि आपल्या हातांना आशीर्वाद देवो. आमेन.