व्हरांड्यातला तास

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल." मी चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यावर दहा मिनिटं बोलले, तर मागच्या बाकावरची मंडळी तेव्हा झोपायची तशीच आजही झोपतील. म्हणून मी दुसऱ्याच क्षेत्रातल्या एका माणसाबद्दल बोलणार आहे. ते आर्किटेक्ट होते. त्यांनी बरंच काही बांधलं, पण शाळा, कॉलेजं आणि संस्थांची आवारं ही त्यांची खास ओळख. त्यांचं नाव ख्रिस्तोफर बेनिंजर.

आजच हे बोलायचं कारण दाराशी लावलेलं ते मोठं चित्र. आपल्या शाळेची नियोजित इमारत, चार मजले, दर्शनी भागाला निळ्या काचा. ते चित्र एका रविवारी दुपारी संगणकावर मीच तयार केलं. ग्रुपवर टाकल्यावर तासाभरात अंगठ्यांचा पाऊस पडला आणि त्या चित्रावरच आपला निधी जमू लागला. त्यात एक गोष्ट राहून गेली आहे, हे मला फार उशिरा दिसलं. ती दाखवली बेनिंजर यांच्या कामाने.

बेनिंजर मूळचे अमेरिकेतले, ओहायो राज्यातले. जन्म १९४२ चा. लहानपणी नाताळची भेट म्हणून फ्रँक लॉइड राइट या वास्तुकाराचं एक पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि मुलाने आपला रस्ता ठरवून टाकला. पुढे हार्वर्ड आणि एमआयटी इथे शिक्षण झालं. १९६८ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अहमदाबादला आले. तिथे त्यांना बाळकृष्ण दोशी भेटले. दोशी आपल्या पुण्याचे, १९२७ चा त्यांचा जन्म इथलाच. २०१८ मध्ये वास्तुकलेतलं मानाचं प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. अहमदाबादच्या आर्किटेक्चर स्कूलची इमारत दोशींनी स्वतःच बांधली होती. उत्तरेचा उजेड घेणारे स्टुडिओ, आणि मधे मुलांनी कुठेही घोळका करून बसावं अशा मोकळ्या, सावलीच्या जागा. शिकवणं वर्गाच्या चौकटीबाहेरही चालतं, हे त्या इमारतीने गृहीतच धरलं होतं.

हार्वर्डमधली शिकवण्याची नोकरी सोडून बेनिंजर १९७१ मध्ये अहमदाबादला परत आले आणि दोशींच्या बरोबरीने नगरनियोजन शिकवणारी संस्था त्यांनी उभी केली. १९७६ मध्ये ते पुण्यात आले. इथे अनिता गोखले यांच्यासह त्यांनी 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज अँड अ‍ॅक्टिव्हिटीज' ही संस्था काढली. बावधनला तिचं आवार आहे, काळ्या दगडाच्या भिंती आणि अंगणं असलेलं. मग हा माणूस पुण्याचाच झाला. भूतानची राजधानी थिंफू, हिचा आराखडाही त्यांच्या हातून झाला. पण शेवटपर्यंत मुक्काम पुण्यातच, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचं निधनही इथेच झालं.

मला हे सगळं माहीत झालं ते भाचीमुळे. तिला एका शिबिरासाठी पौडजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजला सोडायला गेले होते. मुळशी तालुक्यात, डोंगरावर हे कॉलेज आहे. १९९७ मध्ये ते सुरू झालं आणि २००० मध्ये त्याच्या वास्तूला अमेरिकेतला 'बिझनेस वीक - आर्किटेक्चरल रेकॉर्ड' पुरस्कार मिळाला. पण मी चकित झाले ती पुरस्काराने नाही. जगभरातून आलेली मुलं जिथे राहतात, त्या वसतिगृहांना तिथे 'वाडा' म्हणतात. वाडा एक, वाडा दोन, असं. भिंती आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या, आणि वर्गांच्या मधे चौक. मी सदाशिव पेठेत वाढले. पाऊस आला की सगळं बिऱ्हाड चौकाच्या कडेने पडवीत जमायचं. डोंगरावर उभं राहून मला आजीचा वाडा आठवला आणि हसू आलं. ओहायोतून आलेल्या माणसाला चौकाचा उपयोग कळला होता, आणि वाड्यात वाढलेली मी निळ्या काचा लावत बसले होते.

भाचीचं शिबिर संपेपर्यंत मी तिथे हिंडत होते. वर्गातून बाहेर पडलेली मुलं लगेच पांगत नव्हती. कोणी पायरीवर, कोणी भिंतीच्या सावलीत, तर एक शिक्षक दोन मुलांना घेऊन कट्ट्यावर. वर्गात अर्धवट राहिलेलं बोलणं बाहेर पूर्ण होत होतं. त्यासाठी कोणी 'चर्चा कक्ष' अशी पाटी लावलेली नव्हती. ज्यांना पौड लांब वाटतं त्यांनी आपल्या विद्यापीठातलं आयुका पाहावं, चार्ल्स कोरिया यांनी बांधलेलं. मधल्या मोकळ्या जागेत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. तिथेही तेच, आकाशाखाली गप्पा मारता याव्यात म्हणून जागा मुद्दाम सोडलेली.

आता थोडं हिशेबाचं, कारण आपण निधी गोळा करतो आहोत. मधे बोळ आणि दोन्ही बाजूंना वर्ग, ही सगळ्यात स्वस्त रचना. माझ्या चित्रातही तीच आहे. पण मग प्रत्येक वर्गाला एकाच बाजूने खिडक्या मिळतात, वारा आरपार जात नाही, बोळात भर दुपारी दिवे लागतात आणि मधल्या सुट्टीचा सगळा आवाज आत घुमतो. एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला उघडा व्हरांडा केला, तर जागा जास्त लागते, पण वर्गाला दोन्हीकडून उजेड आणि वारा मिळतो. उन्हाची तिरीप आणि पावसाची झड व्हरांड्यावरच अडते. बांधताना वाचवलेले पैसे पुढे दर महिन्याला विजेच्या बिलात भरायचे, असा तो सौदा आहे.

आमच्या क्षेत्रातही 'आर्किटेक्ट' नावाचं पद असतं. शब्द उसना घेतलेला आहे, आणि नुसता शब्दच नाही. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुकाराने १९७७ मध्ये 'अ पॅटर्न लँग्वेज' हे पुस्तक आणलं. त्यातली कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलली आणि आज आम्ही ती रोज वापरतो. एक फरक मात्र मोठा आहे. माझी चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. शाळेची चूक पन्नास वर्षं उभी राहते, आणि दर जूनमध्ये नवी मुलं येऊन त्या चुकीत बसतात.

आता माझी गोष्ट सांगते. ती इथे दोघा-तिघांनाच माहीत आहे.

आपण नववीत असताना माझ्या वडिलांचा कारखाना बंद पडला. क्लास लावणं शक्य नव्हतं आणि बीजगणित डोक्यावरून जात होतं. गणिताच्या बाईंच्या ते लक्षात आलं. शाळा सुटल्यावर शिपाईकाका वर्गांना कुलपं लावायचे. मग बाई व्हरांड्याच्या पायरीवर बसायच्या, आणि आम्ही चौघं जण फरशीवर खडूने गणितं सोडवायचो. साडेपाच ते साडेसहा. पावसाळाभर, हिवाळाभर. एक पैसा न घेता. मी इंजिनिअर झाले ती त्या फरशीवर. वर्ग बंद होते आणि व्हरांड्याला कुलूप नव्हतं, म्हणून.

त्या बाई आज आल्या आहेत. पण या सभागृहात नाहीत, खाली बसल्या आहेत. त्यांना जिना चढवत नाही आणि आपल्या शाळेत उतार नाही. स्पीकर खाली लावलाय, त्या ऐकताहेत. बाई, नमस्कार करते.

म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणायला मी उभी नाही. शाळेत कोणत्या सोयी हव्यात याची यादी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. अडथळ्याविना ये-जा, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान. आपली जुनी इमारत यातल्या पहिल्याच अटीत नापास होते. मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल तर माझ्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. हे बदललंच पाहिजे. पण त्या यादीत व्हरांडा नाही. तो कोणी मागितला तरच मिळतो. म्हणून मी मागते आहे.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, दगडी इमारत पाडायच्या आधी तिची मजबुती तज्ज्ञांकडून तपासून घेऊ. ती टिकण्यासारखी असेल, तर नवे वर्ग मागच्या बाजूला बांधता येतील. दुसरी, जमलेल्या निधीतून सगळ्यात आधी उतार आणि स्वच्छतागृहं. तिसरी, जो कोणी आर्किटेक्ट नेमू, त्याने एक दिवस पहिल्या घंटेपासून शिपाईकाका कुलपं लावेपर्यंत शाळेत बसावं, आणि मगच पेन्सिल हातात घ्यावी. व्हरांडा एवढा रुंद हवा, की दोन मुलं समोरासमोर मांडी घालून बसली तरी तिसऱ्याला वाट मिळेल.

ते चित्र मी आज जाताना काढून नेणार आहे. माझंच आहे, तेव्हा कोणाची हरकत नसावी. पुढच्या बैठकीला नवीन घेऊन येईन. त्यात काचा कमी असतील, अंगठेही कदाचित कमी येतील.

आता जेवणाची घाई झाली असेल. पण एक सुचवते. पानं वर न मांडता खाली व्हरांड्यात मांडू या. बाईंना जिना चढायला नको, आणि आपल्याला पुन्हा एकदा त्या फरशीवर बसता येईल.