द्राक्षासवाची विद्या

मद्याचा पुरस्कार करण्यास मी उभा नाही. विद्या कशी तुटते, एवढेच सांगावयाचे आहे. १८८० साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने द्राक्षशेती व द्राक्षासव यांचे शिक्षण विद्यापीठाकडे सोपविले. प्राध्यापक हिलगार्ड यांनी ते उभे केले. पुढे १९२० ते १९३३ दारूबंदी आली. बंदी उठली तेव्हा मळे होते, पिंपे होती. जाणता हात मात्र विरळा झाला होता. मग डेव्हिस येथे अमेरीन व विंकलर यांनी ठिकठिकाणची उष्णता हिशेबात घेऊन १९४४ साली राज्याचे पाच विभाग पाडले. कोणत्या हवेत कोणते द्राक्ष लावावे, हे विद्यार्थ्याला शिकविता येऊ लागले. कायदा एका दिवसात फिरतो. जाणता माणूस घडावयास पिढी लागते.