लघुउद्योगाचे संकेतस्थळ : राखण आणि निगा

लघुउद्योजकाचे संकेतस्थळ म्हणजे त्याचे अहोरात्र उघडे दुकानच होय. त्याला दीर्घ व स्वतंत्र पासवर्ड हवा; जोडीला ओटीपीसारखी दुसरी पडताळणीही हवी. २००३ साली सुरू झालेल्या वर्डप्रेसवर अशी अनेक संकेतस्थळे चालतात. त्यातील अद्ययावत न केलेली प्लगिन्स ही चोरांची वाट ठरते. म्हणून निरुपयोगी प्लगिन्स काढून टाकावीत. मजकुराची प्रत नियमितपणे अन्यत्र जतन करावी आणि तिच्यावरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते की नाही, हेही पडताळावे. छायाचित्रे आटोपशीर असल्यास मंद जोडणीवरही पान लवकर उघडते. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. ग्राहकाने विश्वासाने दिलेला पत्ता व दूरध्वनी क्रमांक ही ठेव आहे. तिची राखण हे उद्योजकाचे कर्तव्य होय.